इरकलीचा कोट

नेपरव्हिल
२६ जानेवारी २०२६

यामिनी,

शनिवार, १७ जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. या वेळी माझी हरवलेली बॅग पिस्कॅटवेला तुझ्या दारात आली. तू सही करून ती घेतलीस आणि गराजमध्ये बर्फाच्या फावड्यांमागे ठेववलीस. मी तेव्हा वरच्या खोलीत तुझा टॉवेलच्या कापडाचा झगा घालून विमान कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडत होते. तू वर आलीस, माझ्यापुढे चहा ठेवलास आणि म्हणालीस, "या लोकांचं काही खरं नाही गं, मीने."

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

तुझ्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या राधिकाचा काल फोन आला होता. बिचारी विचारत होती, "मावशी, तुमच्या बॅगेचं चाक ठीक आहे ना? गराजमध्ये नेताना माझ्या हातून आपटली ती." मी विचारलं, कधी? म्हणाली, "सॅटर्डेला, दहा वीसला. माझी बस मिस झाली ना, सो आय रिमेंबर." मग तिला अचानक लॅबमध्ये काम निघालं. तिला रागावू नकोस. तुझ्या घरात राहून ती अजून खरं बोलते, हे तिच्या आईवडिलांचं श्रेय.

सोमवारी संध्याकाळी तूच ती बॅग वर घेऊन आलीस. "बघ, आली एकदाची." वर बर्फसुद्धा होता तिच्यावर. मला आता आठवतंय, सोमवारी बर्फ पडत नव्हता. तो तू अंगणातून उचलून बॅगेवर भुरभुरलास. अडुसष्टाव्या वर्षी. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून सन्मानाने निवृत्त झालेल्या बाईने.

आता परिणाम ऐक. माझ्या बॅगेत तीन साड्या, दोन कार्डिगन आणि एक शाल होती, सगळं एकमेकांना शोभणारं. त्याऐवजी शनिवारी मी तुझी हिरवी कॉर्डरॉयची विजार घालून इंडियन ग्रोसरीत गेले. दोन्ही हात खिशात घालून भाजीपुढे उभी राहिले, एखाद्या कंत्राटदारासारखी. दुपारी तू मला तो नारिंगी स्वेटर घातलास. आरशात मला रस्ता दुरुस्तीवर ठेवतात तो शंकू दिसला. तू पलंगावर लोळून हसत होतीस. मी हसले नाही, असं माझं म्हणणं आहे.

आणि रविवारी तुमच्या मंडळाच्या संक्रांतीला, जिथे झाडून सगळ्या बायका रीतीप्रमाणे काळ्या साड्यांत, तिथे तू मला तो डाळिंबी कोट घालून नेलंस. चांगलं इरकली लुगडं कापून शिवलेला कोट. "सगळे कावळे असतील, आपण कशाला?" म्हणालीस. तिथे त्या सुवर्णा नावाच्या मुलीने जे केलं तो विषय मी इथे काढत नाही.

तू बॅग का लपवलीस, याचं लेखी उत्तर मला १० फेब्रुवारीच्या आत हवं आहे. हाताने लिहिलेलं, पूर्ण वाक्यांत. व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवलंस तर ते उत्तर धरलं जाणार नाही.

मीनाक्षी


पिस्कॅटवे
३ फेब्रुवारी

प्रिय मीने,

बघ, मी लिहिलं. काही बिघडलं का माझं?

हो, लपवली. राधिकाला मी सांगितलं होतं की हे सरप्राइज आहे, त्यामुळे पोरीला वाटलं मी त्यात केक ठेवणार आहे. ती अजून रडवेली आहे. तुझ्या पत्रातली तिची स्तुती वाचून दाखवली, तेव्हा कुठे जेवली.

का लपवली ते सांगते. शुक्रवारी रात्री मी तुला घ्यायला नेवार्कला आले आणि तू माझ्यासमोरून निघून गेलीस. मी ओळखलंच नाही तुला. बेज जॅकेट, बेज टोपी, आत बेज साडी, पायात तुझ्या सुनेने, ज्ञानदाने, घेतलेले ते पांढरे बूट. मला वाटलं एअरपोर्टच्या भिंतीचा एक तुकडा चालतोय. मग तू मागे वळून मोठ्याने म्हणालीस, "ही बाई आयुष्यात कधी वेळेवर येणार नाही," तेव्हा पटलं की आत तू आहेस.

मीने, शाळेत आपल्याला निळा पिनाफोर होता, तो सिस्टर रोझलिनने ठरवला. नागपूरच्या विमा ऑफिसात तू तीस वर्षं फिकट कॉटन नेसलीस, कारण तुमचे मॅनेजर भडक रंगाला नाक मुरडायचे. दर दिवाळीला एकनाथ आकाशी साडी आणायचे. तुला आकाशी आवडत नाही, हे मला सातवीपासून माहीत आहे. आता ते जाऊन तीन वर्षं झाली, तर सूनबाई 'ग्रेसफुल' म्हणून मोतिया आणि बेज आणते. तू स्वतः दुकानात जाऊन स्वतःसाठी शेवटचं काय निवडलंस? छत्री सोडून सांग.

शनिवारी दार उघडलं, बॅग बघितली, आणि मनात म्हटलं, हिच्यात मावेल तेवढीच मीनाक्षी नकोय मला. एवढंच. मला पश्चात्ताप नाही. बर्फाचं मात्र मान्य, ते जरा जास्त झालं.

कॉर्डरॉयमध्ये तू कंत्राटदारासारखी दिसत होतीस, खरंच. स्वेटरमध्ये शंकू. माझा निळा डेनिमचा ड्रेस घालून तर तू "माझ्यावर दया कर" म्हणालीस. माझं कुठलंच तुला शोभलं नाही, यार. पण कोट घातल्यावर तू बोलायची थांबलीस. साठ वर्षांत पहिल्यांदा. आरशासमोर ताठ उभी राहून तू फक्त कॉलर वर केलीस, आणि मग म्हणालीस, "शिवण अगदीच गचाळ आहे."

सुवर्णाबद्दल मला वाटतं तू माझ्यावर चिडली आहेस. त्या पोरीला माहीत नव्हतं. नवी आहे, जर्सी सिटीहून येते. मंडळात बाकीच्या बायका तुझ्याकडे न बघता पुढे गेल्या, हिने आपलं हळदकुंकवाचं ताट धरलं पुढे आणि लावलं. मी लगेच येऊन सांगायला हवं होतं. माफ कर.

आता एक विचारते. माझा डाळिंबी कोट सापडत नाहीये. कपाटात नाही, लॉन्ड्रीत नाही, गाडीत नाही. तू निघताना बॅग भरत होतीस तेव्हा पाहिलास का कुठे?

तुझी,
यामिनी


नेपरव्हिल
१२ फेब्रुवारी

यामिनी,

उत्तर मुदतीत आलं, याची नोंद घेतली. बाकी त्यात नोंद घेण्यासारखं काही नाही.

कोट माझ्याकडे आहे. तो जप्त केलेला आहे. ज्या घरात पाहुण्याची बॅग फावड्यांमागे ठेवतात, त्या घरातून काहीतरी हमी म्हणून आणणं भाग होतं. सोमवारी रात्री तो मी बॅगेत माझ्या तीन साड्यांखाली ठेवला. त्यात लपवाछपवी काही नव्हती. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही.

जप्तीतला माल नीट तपासला. ही शिवण तू केलीस हे सांगायची गरज नव्हती. शिवणाच्या तासाला सिस्टर रोझलिन तुझा रुमाल वर्गाला दाखवायच्या, असं करू नका म्हणून. बावन्न वर्षांत तुझा टाका सुधारलेला नाही. डावी बाही उजवीपेक्षा लांब. पदराचा लाल-पांढरा भाग तू पाठीवर घेतलास, ही एकच अक्कल दिसली. अस्तर मात्र कसलं आहे ते मला पहिल्या दिवशी कळलंच नव्हतं. तुझ्या जुन्या पडद्याचं. त्यावर अजून कड्यांची भोकं आहेत. अंगात घालायच्या वस्तूला पडदा लावणाऱ्या बाईने मला कपड्यांवर व्याख्यान द्यावं.

आता तुझ्या मोठ्या चुकीबद्दल. सुवर्णावरून मी तुझ्यावर चिडलेली नाही. लिहिणार नव्हते, पण तू चुकीची माफी मागितलीस आणि चुकीची माफी पडून राहिली की कुजते.

तू तेव्हा तिळगुळाच्या टेबलाशी होतीस. बायका रांगेने येत होत्या. माझ्याजवळ आल्या की ताट जरा डावीकडे व्हायचं, हसू जरा जास्त गोड व्हायचं, आणि "काकू, आरामात बसा हं" म्हणून पुढच्या खुर्चीकडे. तीन वर्षं मला हे माहीत आहे. कोणी वाईट बोलत नाही. इथे अमेरिकेत तर सगळे इतके सुधारलेले की बोलायची वेळच येऊ देत नाहीत. मी बेजमध्ये असते तेव्हा त्यांना लांबूनच समजतं, आणि त्यांची सोय होते.

ती मुलगी आली. तिने मला वरून खाली पाहिलं, म्हणाली, "काकू, काय क्लास कोट आहे तुमचा." आणि बोट कुंकवात बुडवलं. मला वेळ होता, यामिनी. "नको" म्हणायला भरपूर वेळ होता. मी हनुवटी वर केली.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. यावर पत्रात काही गोड लिहू नकोस. माझ्याने ते वाचवणार नाही.

इथली परिस्थिती अशी. मे अखेर, मेमोरियल डेच्या सुट्टीतल्या शनिवारी नेत्राची मुंज आहे. हो, मुलीची मुंज. माझा सौमित्र आणि ज्ञानदा इतके पुढारलेले आहेत की आठ वर्षांच्या मुलीला जानवं घालणार, गुरुजींनी कुरकुर केली तर दुसरे गुरुजी आणणार. आजीसाठी मात्र मोतिया टसर आणून ठेवली आहे. देवळाच्या हॉलचा नकाशा फ्रिजवर लावलाय, त्यात मी तिसऱ्या रांगेत, दाराजवळ. मी विचारलं तर ज्ञानदा म्हणाली, "आई, तिथून तुम्हाला रेस्टरूम जवळ पडेल." पहिल्या रांगेत तिची आई आणि मामी, ज्यांना बहुधा रेस्टरूम लागत नाही.

काल तिला कपाटात कोट दिसला. "हा यामिनीमावशींचा ना? चुकून आला असेल. मी कुरिअर करते, डोन्ट वरी." मी म्हटलं, राहू दे. म्हणाली, "नाही नाही, आई, त्यांना लागेल." फार कामसू मुलगी आहे. तिच्या कामसूपणापुढे माझं काही चालत नाही.

तेव्हा २५ फेब्रुवारीच्या आत लिहून कळव की तुला कोट इतक्यात नको आहे. ते पत्र मला तिला दाखवायचं आहे.

मीनाक्षी


पिस्कॅटवे
२० फेब्रुवारी

मीने,

तुला गोड काही नको ना? मग ऐक.

असलं पत्र मी देणार नाही. कोट मला परत हवा आहे.

ते लुगडं माझ्या आईचं. ती काही ते ट्रंकेत जपून ठेवणारी बाई नव्हती. नागपूरला धंतोलीच्या भाजीबाजारात ते नेसून जायची आणि भाजीवाल्याशी भांडायची. पाठीवर उजवीकडे जो डाग आहे तो फोडणीच्या तेलाचा. मी तो मुद्दाम ठेवला. तो कोट मी इथे दूध आणायला, बँकेत, डेंटिस्टकडे घालून जाते. तो कपाटात लटकत ठेवायची वस्तू नाही. तू तो हमी म्हणून ठेव नाहीतर आठवण म्हणून, माझ्या दृष्टीने दोन्ही सारखंच. महिन्यात किती वेळा अंगात घातलास? खरं सांग. मी सांगते. दार लावून, आरशापुढे, नेत्रा शाळेत गेल्यावर.

माझं पत्र तू सुनेला दाखवणार. म्हणजे पुन्हा कोणीतरी चिठ्ठी द्यायची आणि मग तू घालणार. शाळेत दर सोमवारी आपल्याला गुडघ्यावर बसवायचे, फ्रॉकची कड जमिनीला टेकते का बघायला. माझी टेकायची नाही, सिस्टर माझी शिवण उसवायच्या आणि मी लोंबत्या दोऱ्यांनी दिवसभर हिंडायचे. तुझी कायम टेकायची. तू अजून गुडघ्यावरच आहेस, मीने. आता तिथे ज्ञानदा उभी आहे, एवढाच फरक. आणि ती तर बिचारी तुला ऊठ म्हणालीही असती, पण तू कधी विचारलंच नाहीस.

मी मुंजीला येणार होते. तिकीट अजून काढलेलं नाही. तू तिसऱ्या रांगेत मोतिया होऊन बसणार असशील तर मी येत नाही. तिथे भिंती बघायला मी तुमच्या शिकागोकडे कशाला येऊ?

कोट घालणार असशील तर तुझा. नाहीतर पुढच्या आठवड्यात कुरिअरने पाठव. ज्ञानदा करेलच.

यामिनी


नेपरव्हिल
९ मार्च

यामिनी,

तुझं पत्र उद्धट आहे. मी ते तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी ते उद्धटच निघालं. डेंटिस्टकडे घालून जाण्याच्या कोटाला जो मान तू देतेस, तोच मैत्रिणींना देतेस हे त्यातून स्पष्ट झालं.

घडलं ते कळवते, म्हणजे पुढे तुला काही कल्पना रंगवायला नकोत.

मागच्या मंगळवारी मी वाचनालयातून आले तर दारात खोका. टेप मारलेला, वर ज्ञानदाच्या सुरेख अक्षरात तुझा पत्ता. कुरिअरवाला चारला येणार होता. मी खोका स्वयंपाकघरात नेला, सुरीने टेप कापली आणि कोट बाहेर काढला. मग वर जाऊन ती मोतिया टसर आणली आणि शिवणाची कात्री.

ज्ञानदा घरूनच काम करते. मीटिंग संपवून ती खाली आली तेव्हा ओट्यावर तुझा पडदा उसवून पडला होता आणि टसरीचे दोन तुकडे झाले होते. ती खुर्चीवर बसली. एक तुकडा हातात घेऊन म्हणाली, "आई, टसर होती ती."

मी म्हटलं, "अजूनही टसरच आहे. आता आतून राहील."

"पण मुंजीला काय घालणार तुम्ही?"

"हेच शिवते आहे."

"मुंजीला कोट? आणि तोही डाळिंबी? आई, म्हणजे माझं काही नाही, पण लोक..."

"लोकांना तिसऱ्या रांगेत बसवू. रेस्टरूम जवळ पडेल त्यांना."

हे मी बोलायला नको होतं, असं तुला वाटेल. मला वाटत नाही. ती वर निघून गेली. संध्याकाळी सौमित्र आला, दोघांचं वर काहीतरी झालं, मग तो खाली येऊन फ्रिजसमोर उभा राहिला आणि फोनमध्ये बघत म्हणाला, "आई, तुला नक्की काय हवंय?" एकनाथसुद्धा हा प्रश्न आकाशी साडी हातात धरून विचारायचे. फरक एवढाच की याच्या हातात साडी नव्हती. म्हणून मी उत्तर दिलं. पहिली रांग. मधली खुर्ची. आणि सगळ्यांबरोबर मीही नातीला ओवाळणार.

तो म्हणाला, "अगं, मग आधी बोलायचंस." चाळीस वर्षांचा इंजिनिअर. त्याला वाटतं आया या गोष्टी बोलतात.

तू लिहिलंस की मी कधी विचारलं नाही. या एका वाक्यापुरती तू बरोबर आहेस. तुझ्या बाबतीत असं क्वचित घडतं, म्हणून लिहून ठेवते.

नेत्राने कोट घालून बघितला. गुडघ्याखालपर्यंत आला तिला. तिने बाह्या वर सारल्या आणि विचारलं, "आजी, आर यू इन चार्ज ऑफ समथिंग?" मी म्हटलं, अजून ठरायचं आहे.

ज्ञानदा दोन दिवस माझ्याशी हवापाण्याचंच बोलली. तिसऱ्या दिवशी मी डाव्या बाहीला टाके घालत होते, तर येऊन उभी राहिली. "आई, एक विचारू? तुम्हाला बेज आवडत नव्हतं तर दर वेळी 'छान आहे' का म्हणायचात?" मी म्हटलं, "कारण तू ते इतक्या प्रेमाने आणायचीस." ती म्हणाली, "मला तरी कुठे आवडायचं. मला वाटायचं तुम्हाला तेच चालतं." मग आम्ही दोघींनी तिच्या आणलेल्या ढिगाकडे बघितलं. इतकं बेज, आणि कोणालाच न आवडलेलं. तिला मी अजून माफ केलेलं नाही. खुर्ची मात्र तिने स्वतः हलवली. फ्रिजवरचा नकाशा आता वेगळा आहे.

आता कोटाचं. तो परत मिळण्याची आशा सोड. अस्तर माझं आहे, बाह्या मी सारख्या केल्या, बटणं बदलली, कॉलर माझ्या मानेला बेतून उभी केली. पाठीवरचा तेलाचा डाग ठेवलाय. तुझ्या आईने मला शाळेत असताना शेकडो वेळा जेवायला वाढलं आहे. तिचा तेवढा हक्क आहे. बाकी त्यात तुझं फार काही उरलेलं नाही. तुझी विजार, तुझा शंकू, तुझा डेनिम हे सगळं तुझ्याकडेच ठेव, त्यातलं मला काही नको. तुझ्यासारखं दिसण्याची मला कधीच इच्छा नव्हती, आणि आता तर माझ्यासारखं दिसण्याचीही सोय झाली आहे. कोटाशी जाईल अशी काळपट हिरवी साडी मी काल एकटी जाऊन आणली. दुकानातल्या मुलीने काहीतरी ग्रेसफुल दाखवायला घेतलं होतं. तिला मी हात करून थांबवलं.

तू तिकीट काढ. शुक्रवारी ये, शनिवारी मुंज आहे, आणि पहिल्या रांगेत माझ्या उजवीकडची खुर्ची तुझ्या नावाने ठेवून घेतली आहे. ती रिकामी राहिली तर ज्ञानदाची मामी तिथे बसेल आणि चार तास मला तिच्या गुडघ्यांबद्दल सांगेल. ही वेळ तू माझ्यावर आणणार आहेस का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

शिवाय कोट तुझा नाही, माझा, हे एका वाक्यात लिहून सही करून दे. तुझ्या अक्षरात. ज्ञानदाला दाखवायला नाही, मलाच हवं आहे.

सामान बरोबर आणणार असशील तर विचार करून आण. विमानात बॅगा हरवतात, मागाहून दारात येतात, आणि दिवसा या घरी दार मीच उघडते. आमचंही गराज मोठं आहे. बॅग उशिरा आली तर घालायला माझं सगळं बेज वरच्या कपाटात धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं आहे.

दोन्ही गोष्टींचं लेखी उत्तर ३१ मार्च, मंगळवार, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन आला तर मी उचलणार नाही.

मीनाक्षी